मेंदूतील लगामाचा शोध

आपल्या धाराशिव जिल्ह्यातून रोग्याला सोलापूर-लातूरला नेऊन डोक्याचा एम.आर.आय. काढून आणणे आता नवलाचे राहिलेले नाही. फिल्म उजेडात धरली की गाठ, सूज, रक्तस्राव डॉक्टरांना कळतो. मात्र त्या मेंदूत कोणते रसायन किती आहे, हे ती फिल्म सांगत नाही. त्याच जातीच्या यंत्राने तेही मोजता येते, आणि या विद्येच्या उगमाशी एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना रसायनांच्या द्वारे निरोप देतात. काही रसायने पुढच्या पेशीला चेतवितात, काही तिला आवरतात. आवरणाऱ्यांत ‘गॅबा’ हे प्रमुख. घोड्याला जसा लगाम, तसे ते मेंदूला. हा लगाम सैल पडला तर आकडी येऊ शकते. अमेरिकेतील युजीन रॉबर्ट्स यांनी 1950 साली उंदराच्या मेंदूत गॅबा असल्याचे दाखविले. परंतु तेव्हा ते मोजावयाचे तर मेंदूचा तुकडाच हाती यावा लागे. जिवंत माणसाचे काय करावयाचे?

उत्तर वैद्यकशास्त्रातून नव्हे, पदार्थविज्ञानातून आले. प्रबळ चुंबकात ठेवलेल्या पदार्थातील हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींना ‘उत्तर’ देतात, हे 1946 मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी वेगवेगळे दाखवून दिले. 1952 चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दलच मिळाले. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत 1951 साली आर्नोल्ड, पॅकार्ड आणि आपले एस. एस. धर्मट्टी या तिघांनी इथिल अल्कोहोल तपासले. (अल्कोहोल हा शब्द अरबी ‘अल्-कुह्ल’ म्हणजे सुरमा यावरून आला, शब्दांचे प्रवासही असेच विचित्र असतात!) हायड्रोजन सगळा एकच, तरी उत्तरे तीन आली. रेणूत हायड्रोजन तीन निरनिराळ्या जागी बसलेला असतो आणि प्रत्येक जागेचा सूर किंचित निराळा लागतो. याचा अर्थ असा की पदार्थाला हात न लावता केवळ सुरावरून तो ओळखता येतो. पुढे धर्मट्टी मुंबईस डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व तेथे त्यांनी ही विद्या रुजविली. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत असावयास हवे होते, असे मला वाटते.

मग मेंदूतील गॅबा ओळखावयास चाळीस वर्षे का लागली? कारण त्याचा आवाज फार क्षीण. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या उरुसाच्या गर्दीत ढोलाशेजारी उभ्या असलेल्या मुलाची हाक ऐकू यावी, तशी ही अडचण. गॅबाचा सूर नेमका क्रिएटिन या दुसऱ्या द्रव्याच्या सुरावर पडतो आणि क्रिएटिन त्याच्या कित्येक पट असते. 1993 मध्ये येल विद्यापीठात रॉथमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर युक्ती वापरली. गॅबाच्या रेणूतील हायड्रोजन एकमेकांशी जोडलेले असतात. एकाला रेडिओलहरीने डिवचले की दुसऱ्याचा सूर बदलतो. क्रिएटिनवर काही परिणाम होत नाही. म्हणून मोजणी दोनदा करावयाची, एकदा डिवचून व एकदा न डिवचता, आणि एकीतून दुसरी वजा करावयाची. क्रिएटिन नाहीसे होते, गॅबा उरतो. पुढे याच मंडळींनी आकडीवरील विगाबॅट्रिन या औषधाने रुग्णांच्या मेंदूतील गॅबा वाढतो, हे मोजून दाखविले. औषध आपले काम करते आहे की नाही, हे डोके न उघडता पाहता आले!

1998 मध्ये मेशर व सहकाऱ्यांनी हीच वजाबाकी अधिक सुटसुटीत केली. आज बहुतेक ठिकाणी तीच पद्धत चालते. तरीही तिच्यात दोष आहेत. रोग्याने डोके जरासे हलविले तरी वजाबाकी बिघडते. मोठ्या प्रथिनरेणूंचा सूरही गॅबात मिसळतो आणि मिळणाऱ्या आकड्यात त्याचा वाटा जवळजवळ निम्मा असू शकतो. शिवाय नीट ऐकू येण्यासाठी सुमारे 3 सें.मी. लांबी-रुंदी-उंचीचा मेंदूचा ठोकळा घेऊन दहा-एक मिनिटे मोजीत बसावे लागते. त्याहून लहान जागेचे उत्तर गोंगाटात बुडून जाते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर आकडे निरनिराळे येतात. त्यासाठी 24 संशोधन केंद्रांनी एकाच रीतीने केलेली मोजमापे 2017 मध्ये एकत्र मांडली.

आकडी येणाऱ्या मुलाच्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे की ही मोजणी अजून संशोधनातच आहे. निदान आजही डॉक्टरांची तपासणी, ई.ई.जी. आणि गरज पडल्यास साधा एम.आर.आय. यांवरच होते. एका मुलाचा गॅबाचा आकडा पाहून औषध ठरवावे, इतका तो आकडा अद्याप भरवशाचा झालेला नाही.