दिवाळखोराचा डाग : एक इतिहास

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचे इंग्लंडहून पत्र आले. नोकरीनिमित्त तो तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. घरभाडे, गाडीचा हप्ता, तीन-चार बँकांची क्रेडिट कार्डे आणि बहिणीच्या लग्नासाठी काढलेले वैयक्तिक कर्ज यांचा डोंगर झाला. त्यात नोकरी गेली, आणि अखेर त्याने तेथील कायद्याप्रमाणे स्वतःला नादार जाहीर करून घेतले. पत्रात कर्जाविषयी मात्र फारसे काही नव्हते. एका वर्षाने आपण त्यातून मोकळे होऊ, हे त्याला ठाऊक होते. त्याची झोप उडाली होती ती निराळ्याच कारणाने. सरकारी अधिकाऱ्याने त्याला प्रश्नांचा लांबलचक तक्ता पाठवला होता; आपल्या उत्तरांवरून आपल्यावर आणखी कित्येक वर्षांचे वाढीव निर्बंध लादले जातील, या धास्तीने तो पार खचला होता. "फादर, माझे नाव त्या यादीत किती वर्षे राहील?" हा त्याचा शेवटचा प्रश्न.

आम्ही काही कायदेपंडित नव्हे. सेमिनरीत आम्ही शिकलो ते तत्त्वज्ञान, ईशज्ञान आणि ख्रिस्तसभेचा थोडाबहुत इतिहास. परंतु प्रश्न मनात घर करून राहिला, आणि उत्तराच्या शोधात जुनी-नवी पुस्तके चाळताना ध्यानात आले की हा प्रश्न त्या तरुणाचा एकट्याचा नाही. ऋणकोची मालमत्ता घेतल्यानंतर त्याच्या अंगावर कोणती खूण ठेवायची आणि ती किती काळ ठेवायची, याचा खल समाज शतकानुशतके करीत आला आहे.

आपल्या भाषेतील 'दिवाळे' हाच शब्द घ्या. बुडालेला व्यापारी भर दिवसा आपल्या पेढीवर दिवा लावून बसे आणि त्यावरून गावाला काय ते समजे, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. कोणी दवंडी पिटण्याची गरज नव्हती. दिवसाचा तो दिवाच पुरेसा होता. प्राचीन रोमच्या बारा पाट्यांवरील कायद्यात तर ऋण न फेडणाऱ्याला साखळदंडांत घालून शेवटी टायबर नदीपलीकडे गुलाम म्हणून विकण्याची तरतूद होती. त्या मानाने आपला दिवा सौम्यच म्हणायचा.

या इतिहासात आपल्या ओळखीचे एक नाव भेटते आणि सुखद धक्का बसतो. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आपण ज्यांचा धावा करतो, त्या पदुआच्या संत अँथनींचे ते नाव. १२३१ च्या उपवासकाळात पदुआ नगरात त्यांची प्रवचने चालू होती. त्या काळी कर्जबाजारी माणसाला, आणि त्याच्या जामीनदारालाही, तुरुंगात डांबले जाई, आणि कर्ज फिटेपर्यंत सुटका नसे. आत बसलेल्याने ते फेडायचे कसे, हे मात्र कोणी विचारीत नसे. अँथनींच्या विनंतीवरून नगराचा प्रमुख स्तेफानो बादोएर याच्या कारकिर्दीत, मार्च १२३१ मध्ये, नवा नियम झाला : ऋणकोने आपली सारी मालमत्ता धनकोंच्या स्वाधीन केली तर त्याला कैदेत ठेवू नये. नियमात 'बंधू अँथनी यांच्या विनंतीवरून' असा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १३ जून रोजी, संतांचे देहावसान झाले.

मात्र सुटका झाली तरी खूण राहिलीच. पदुआच्या न्यायमंदिरात एक काळा दगड आजही आहे. त्याला 'लज्जेचा दगड' म्हणतात. तुरुंग टाळू इच्छिणाऱ्या ऋणकोला अंगरखा उतरवून, केवळ आतल्या कपड्यांनिशी, जमलेल्या लोकांसमोर या दगडावर तीनदा बसावे लागे आणि प्रत्येक वेळी 'मी माझी मालमत्ता सोडतो' असे लॅटिन भाषेत म्हणावे लागे. मग त्याने नगर सोडून जायचे. धनकोंच्या संमतीवाचून परतला तर पुन्हा तोच दगड, आणि वर डोक्यावर तीन बादल्या पाणी. दयेच्या कायद्यालाही लोकांनी असा चिमटा जोडून दिला. धनकोंच्या मनाला तेवढे समाधान हवे असावे.

येथे एक कबुली द्यायला हवी. एका संताचे नाव अभिमानाने सांगायचे आणि बाकीचे झाकून ठेवायचे, हे इतिहासलेखन नव्हे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपातील धर्मपीठांच्या न्यायालयांनी कर्ज न फेडणाऱ्या सामान्य माणसांना मोठ्या प्रमाणावर बहिष्कृत केले. शेजाऱ्याचे थोडेसे देणे थकले म्हणून माणूस साक्रामेंतांना मुकत असे. त्या अवस्थेत मरण आले तर पवित्र भूमीत दफन मिळणेही कठीण होई. अक्षम्य सेवकाचा दाखला ज्या वेदीवरून वाचला जाई, त्याच वेदीवरून ही नावे पुकारली जात.

इंग्लंडने या बाबतीत शरीराचाच मार्ग पत्करला. तेथील दिवाळखोरीचा पहिला कायदा आठव्या हेन्रीच्या काळात, १५४२ मध्ये झाला, आणि त्याने बुडालेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणूनच पाहिले. पहिल्या जेम्सच्या कारकिर्दीत तर लबाडी करणाऱ्या दिवाळखोराला चव्हाट्यावरच्या खोड्यात उभे करून त्याचा एक कान खिळ्याने ठोकायचा आणि मग तो कापून टाकायचा, अशी शिक्षा ठरली. कान पुन्हा उगवत नाही. त्या यादीतून नाव काढण्याची सोय नव्हती.

'रॉबिन्सन क्रूसो'चा कर्ता डॅनियल डेफो हा १६९२ मध्ये सुमारे १७,००० पौंडांच्या कर्जात बुडाला. प्रामाणिक दिवाळखोराला नव्याने उभे राहू द्यावे, असे त्याने पुढे कळकळीने लिहिले. राणी ॲनच्या काळातील १७०५ च्या कायद्याने प्रथमच उरलेल्या कर्जातून मुक्ती देऊ केली; मात्र मालमत्ता दडवणाऱ्याला त्याच कायद्याने फाशी ठेवली. ती शिक्षा केवळ कागदावर राहिली नाही. जॉन पेरट नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याला १७६१ मध्ये त्यासाठी फासावर चढवले गेले.

ही मुक्ती केवळ व्यापाऱ्यांसाठी होती, हे विसरता कामा नये. घरखर्चापायी कर्जात गेलेल्या साध्या माणसाच्या वाट्याला तुरुंगच येई. १८२४ मध्ये जॉन डिकन्स नावाच्या कारकुनाला एका पाववाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांसाठी मार्शलसी तुरुंगात जावे लागले. त्याचा बारा वर्षांचा मुलगा चार्ल्स तेव्हा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवीत होता. बाप काही महिन्यांत सुटला. मुलाच्या मनातून मात्र तो तुरुंग कधी गेला नाही. पुढे जगप्रसिद्ध लेखक झाल्यावरही ही गोष्ट त्याने हयातभर लोकांपासून लपवून ठेवली आणि कादंबऱ्यांतून मात्र पुन्हा पुन्हा सांगितली.

१८६१ मध्ये व्यापार न करणाऱ्यांनाही नादारीचे दार उघडले, आणि १८६९ मध्ये कर्जासाठीची कैद बहुतांशी संपली. शरीर सुटले, तेव्हा कायद्याने नावाला हात घातला. १८८३ चा जोसेफ चेंबरलेन यांचा कायदा आमच्या मते या साऱ्या कथेतील वळणाचा दगड आहे. त्याने दिवाळखोराला संसदेत, न्यायदंडाधिकाऱ्याच्या आसनावर, नगरपालिकेत, शाळामंडळात, इतकेच नव्हे तर दफनभूमीच्या मंडळातही बसण्यास मनाई केली. परंतु याच कायद्यात एक लहानसे कलम होते. नादारी केवळ दुर्दैवाने आली, त्यात गैरवर्तन नव्हते, असा दाखला न्यायालयाने दिला तर ही अपात्रता उठत असे. दुर्दैवी आणि लबाड यांना एकाच खोड्यात उभे करू नये, हे कायद्याला येथे उमगले. पण दुर्दैव सिद्ध करण्याचा भार ऋणकोवरच राहिला.

हेच कलम पुढे जहाजातून आपल्याकडे आले. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि वसईसारख्या मुफसल भागासाठी १९२० चा नादारी कायदा झाला. १९२० च्या कायद्यातील ७३ व्या कलमात नादाराला स्थानिक संस्थेच्या निवडणुकीची बंदी आहे, आणि 'दुर्दैवाने, गैरवर्तनावाचून' असा दाखला मिळाल्यास ती उठण्याची सोयही आहे. नादारीतून मुक्त न झालेल्या माणसाने आपली स्थिती न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा ठरवला होता. एके काळी ५० रुपये म्हणजे कारकुनाचा दीड-दोन महिन्यांचा पगार. रुपया घसरला, कलम तसेच राहिले.

आता आमच्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळतो. इंग्लंड व वेल्समध्ये २००२ चा कायदा १ एप्रिल २००४ पासून अमलात आला. त्याने नादारीतून मुक्तीचा काळ तीन वर्षांवरून एका वर्षावर आणला, आणि त्याच्या जोडीला 'निर्बंधाचा आदेश' ही नवी चीज आणली. त्याची मुदत किमान २ आणि कमाल १५ वर्षे. ज्याच्यावर तो आदेश निघेल त्याने ५०० पौंड वा त्याहून अधिक उधार घेताना तसे सांगायचे, न्यायालयाच्या परवानगीवाचून कंपनीचा संचालक व्हायचे नाही, संसदेचे सदस्यत्वही नाही. शिवाय मुदत संपेपर्यंत नाव सार्वजनिक नोंदवहीत. तरीही वर्षाने मिळणारी ऋणमुक्ती या आदेशाने अडत नाही, फिटलेली कर्जे पुन्हा जिवंत होत नाहीत. आणि मुख्य म्हणजे १८८३ चा भार येथे उलटा झाला. आता दुर्दैव सिद्ध करायचे नसून गैरवर्तन सिद्ध करायचे, आणि तेही सरकारने. त्यासाठीचा अर्ज साधारणतः नादारीच्या पहिल्या वर्षातच करावा लागतो. जुगार, बेफाम उधळपट्टी, फेडण्याची आशा नसताना काढलेले कर्ज, मालमत्ता लपवणे, हिशेब न ठेवणे, अधिकाऱ्यांशी असहकार ही त्याची कारणे.

हे सारे आम्ही त्याला लिहिले. उलट टपाली त्याने खरी गोष्ट सांगितली. अर्ज करण्यापूर्वी दोन महिने आधी त्याने मामांकडून घेतलेली रक्कम पूर्ण फेडून टाकली होती. मामांचे पैसे बुडवून तोंड कसे दाखवायचे, हा त्याचा विचार. आपल्याकडे याला अब्रू म्हणतात. त्या कायद्यात हा एका धनकोला इतरांहून झुकते माप दिल्याचा दोष, आणि निर्बंधाच्या कारणांत त्याचीही गणना आहे. ही अडचण आम्हाला आधी सुचली नव्हती. तक्त्यातील त्या रकान्यात काय लिहू, असे त्याने विचारले. जे घडले ते लिही आणि तिथल्या मोफत सल्ला देणाऱ्या एखाद्या संस्थेला गाठ, याहून निराळे सांगण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. त्याने तसे केले. अधिकाऱ्याने दोनदा बोलावून विचारपूस केली, मामांची रक्कम नोंदवून घेतली. वर्ष सरले, मुक्ती मिळाली, निर्बंधाचा अर्ज आला नाही. त्याचे नाव नोंदवहीतून तीन महिन्यांत निघाले.

आमच्या बालपणी, १९८० च्या सुमारास, आमच्या गावात केळीचा एक व्यापारी बुडाला. कोर्टात तो गेला नाही. वाडी विकून त्याने वर्षानुवर्षे एकेकाचे देणे फेडले. यंदा आमच्या धर्मग्रामाची अर्थ समिती नव्याने निवडायची होती, तेव्हा आम्ही त्याच्या मुलाचे नाव सुचवले. तो बँकेत हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेला आहे. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग एक वडीलधारे गृहस्थ, मनाने अगदी सज्जन, हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, माणूस चांगला आहे. पण त्याच्या बापाचं दिवाळं निघालं होतं ना?"

आम्ही त्याचे नाव इतिवृत्तात लिहून घेतले.