गंधकाचं गाव

गंधक म्हटलं की आमच्या पिढीला दोन गोष्टी आठवतात. एक दिवाळीचे फटाके आणि दुसरं खरूज झाली की लावायचं ते उग्र वासाचं पिवळं मलम. शाळेच्या पुस्तकात गंधकाम्ल असायचं, पुढे त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं. "पाण्यात आम्ल ओतावं, आम्लात पाणी ओतू नये" हे आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर इतक्यांदा सांगायचे की शेजारच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या मलाही ते पाठ झालं होतं. पण एवढं गंधक येतं तरी कुठून, हे शोधायला बसलो तेव्हा फ्रान्समधलं लाक हे गाव सापडलं. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७४६ साली बर्मिंगहॅममध्ये जॉन रोबक याने काचेच्या भांड्यांऐवजी शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या खोल्यांत हे आम्ल करायला सुरुवात केली आणि ते स्वस्त झालं. गंधक यायचं सिसिलीतून. १८३८ साली नेपल्सच्या राजाने तिथल्या गंधकाचा मक्ता एका फ्रेंच कंपनीला दिला, तर इंग्लंडने १८४० साली थेट आरमार पाठवलं! मग हर्मन फ्राश याने अमेरिकेत जमिनीखाली अतितप्त पाणी सोडून गंधक वितळवून वर काढायची युक्ती काढली आणि सिसिलीची सद्दी संपली.

आता लाककडे येऊ. फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचं शहर आहे. त्याच्या जवळचं हे छोटं शेतकरी गाव. १९४९ साली तिथे थोडं तेल लागलं. आणखी खोल खणताना डिसेंबर १९५१ मध्ये साडेतीन हजार मीटरच्या आसपास प्रचंड दाबाचा वायू उसळून वर आला. विहीर आवरेना. शेवटी टेक्सासहून मायरन किन्ली या नामांकित माणसाला बोलवावं लागलं.

वायू सापडला याचा आनंद झाला, पण तो वायू विषारी होता. त्यात सुमारे १५ टक्के हायड्रोजन सल्फाइड होता. सडक्या अंड्यांच्या वासाचा हाच तो वायू. जास्त प्रमाणात असला तर आधी नाक बधिर करतो, म्हणजे वास येईनासा होतो, आणि मग माणूस दगावतो. शिवाय या वायूने साधं पोलाद ठिसूळ होऊन तडकतं. विहिरीत घातलेले नळ टिकेनात. वेगळ्या जातीचं पोलाद तयार होईपर्यंत काही वर्षं गेली आणि १९५७ साली कारखाना सुरू झाला.

वायू विकायचा तर आधी त्यातलं गंधक काढायला हवं. म्हणजे गंधक हा खरं तर कचरा. पण कचरा इतका निघाला की आजवर गंधक आयात करणारा फ्रान्स जगातल्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला. बायोन बंदरातून जहाजं भरून गंधक जाऊ लागलं. कामगारांसाठी मूराँ या खेड्याशेजारी नवं शहर वसवलं गेलं, शेतांच्या मधोमध उंच इमारती उभ्या राहिल्या. शेजारी नोगेरला ॲल्युमिनियमचा कारखाना आला, तो १९९१ साली बंदही झाला.

जमिनीखालचा साठा कधीतरी संपणारच होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये लाकचा वायू देशाच्या जाळ्यात सोडणं थांबलं. आपल्याला वाटेल, संपली गोष्ट. पण तसं झालं नाही. आजूबाजूच्या रासायनिक कारखान्यांना तो विषारी हायड्रोजन सल्फाइडच कच्चा माल म्हणून हवा होता. मग जुन्या अवाढव्य कारखान्याच्या जागी एक छोटा कारखाना बांधला आणि पुढची तीस वर्षं थोडा थोडा वायू काढत राहायचं ठरलं. ज्याला काढून टाकण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्याचसाठी आता विहिरी चालू!

जुनं उतरवणं हेही सोपं काम नव्हे. असा वायू वर्षानुवर्षं वाहिलेल्या नळ्यांच्या आत लोखंड आणि गंधक यांचा काळा थर बसतो. नळी उघडली आणि त्याला हवा लागली की तो आपोआप पेटू शकतो, म्हणून तो ओला ठेवावा लागतो. आम्लाच्या कारखान्यात आणखी गंमत आहे. तीव्र आम्ल साध्या पोलादी टाकीत सुखाने राहतं, कारण आतून एक संरक्षक थर तयार होतो. टाकी रिकामी करून धुवायला पाणी घातलं की उरलेलं आम्ल सौम्य होतं आणि तेच पोलाद खायला लागतं, शिवाय स्फोटक हायड्रोजन वायू सुटतो. म्हणजे चालत्या कारखान्यापेक्षा बंद होणाऱ्या कारखान्यातच जास्त सांभाळावं लागतं. सरांचं ते वाक्य इथेही आठवलं.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण तसं नाही. मुंबईच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायू सुरतेजवळ हजिऱ्याला जातो आणि तिथेही त्यातलं गंधक काढून घ्यावं लागतं. आज जगातलं बहुतेक गंधक असंच, तेल आणि वायू स्वच्छ करताना मिळतं. अमेरिकेतली फ्राश पद्धतीची शेवटची खाण २००० साली बंद झाली. या गंधकाचं मुख्यतः आम्ल होतं आणि त्यातलं बरंचसं फॉस्फेट खतांना लागतं. आपल्या शेतकऱ्याच्या सुपर फॉस्फेटच्या गोणीतही ते आहेच.

आता सगळे म्हणतात तेल आणि वायू कमी करा, आणि ते योग्यच आहे. हवा तापते आहे हे आपण रोज अनुभवतो. पण तेल कमी झालं की फुकटात हाती येणारं गंधकही कमी होणार. मग खतासाठी पुन्हा खाणी खोदायच्या का? त्या खाणींजवळच्या गावांचं काय? लाकच्या लोकांनी निदान साठा संपायच्या आधी पुढच्या तीस वर्षांचा विचार केला. आपल्याकडे एखादी गिरणी बंद पडली की आधी तिच्या जागेचा भाव निघतो, कामगारांची आठवण मागाहून येते.

असो. पुढच्या वेळी कोणी खताची गोणी उचलताना दिसला, तर मला तरी लाक आठवेल.