जॉन वॉर्ड आणि खेळाडूंची युनियन

बेसबॉलचा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. मग एका अमेरिकन खेळाडूवर बोलायला आम्ही का उभे राहिलो, अशी शंका श्रोत्यांना येईल. कारण इतकेच की, हा गृहस्थ आमच्याच धंद्यातला. त्याने युनियन काढली होती.

जॉन माँटगॉमेरी वॉर्ड १८६० साली पेनसिल्व्हेनियात जन्मला. आईबाप लवकर गेले, कॉलेजातून नाव कमी झाले, आणि १८७८ साली तो प्रॉव्हिडन्स संघात पगारी पिचर, म्हणजे आपला गोलंदाज, झाला. पुढच्याच वर्षी त्याने ४७ सामने जिंकून दिले. १७ जून १८८० रोजी बफलोच्या एकाही गड्याला त्याने पहिल्या ठाण्यावर पाऊल टाकू दिले नाही; ओळीने २७ बळी. पुढे उजवा हात दुखावला, तेव्हा काही काळ तो डाव्या हाताने चेंडू फेकू लागला, नंतर शॉर्टस्टॉपच्या जागी नावारूपाला आला. हात गेला की मजूर संपला असे मालक समजतात. हा संपला नाही.

मालकांनी १८७९ साली आपसांत ठरवले होते, की प्रत्येक संघाने पाच गडी राखून ठेवावेत व त्यांना दुसऱ्या कोणी घेऊ नये. हळूहळू जवळजवळ सगळा संघच राखीव झाला. वॉर्डने कोलंबियात कायद्याची पदवी घेतली आणि १८८५ साली न्यूयॉर्क संघातल्या सोबत्यांसह संघटना उभारली. खेळाडू ही मालकाची जंगम मालमत्ता आहे काय, असे त्याने १८८७ साली छापून विचारले. १८८८ साली तो संघासह जगाच्या दौऱ्यावर असताना मालकांनी खेळाडूंचे पाच वर्ग पाडले. पगार १५०० ते २५०० डॉलर. आणि वर्ग ठरवताना खेळाबरोबर माणसाची वागणूकही मोजायची!

उत्तर म्हणून १८९० साली खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. आठ संघ, राखीव कलम नाही, कारभारात खेळाडूंचा वाटा. ब्रुकलिनचा संघ वॉर्डने स्वतः चालवला. प्रेक्षक आले, परंतु दोन्हीकडे तोटा झाला. पैसा घालणारे सावकार खेळाडूंचे नव्हते, हीच खरी मेख. वाटाघाटीच्या खोलीत खेळाडूंच्या प्रतिनिधींना बसू देण्यास स्पॉल्डिंगने हरकत घेतली. तोही जुना पिचरच! सावकारांनी आपला तोटा उघड केला, स्पॉल्डिंगने आपला लपवला, आणि एकेक सावकार फुटला. आमच्या मते ती लढाई मैदानावर हरली नाही, त्या खोलीत हरली.

वॉर्डने पुढे ब्रुकलिन व न्यूयॉर्क संघांचे गडी तयार केले. १८९४ साली टेंपल चषक न्यूयॉर्कला मिळवून देऊन तो निवृत्त झाला. मग वकिली, खेळाडूंचे दावे. १९१२ साली बोस्टन संघाचा अध्यक्ष म्हणून तो मालकांच्या खुर्चीवरही बसला. हे आम्हांला रुचत नाही, पण लपवण्याचे कारण नाही.

१९२५ साली तो वारला. राखीव कलम मात्र डिसेंबर १९७५ पर्यंत टिकले. ते मोडले एका लवादाच्या निकालाने, आणि तो दावा खेळाडूंच्या युनियननेच चालवला होता.