गाळलेल्या मजकुराची साक्ष

शास्त्राचा इतिहास वाचताना मला निष्कर्षापेक्षा पुराव्याचे कुतूहल अधिक वाटते. डोळ्यांना न दिसणारी घटना घडली, हे सिद्ध कसे करायचे? पाव फुगवणाऱ्या यीस्टवर १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याचा उत्तम नमुना आहे.

यीस्टच्या डीएनएत ‘टीवाय१’ नावाचे, सुमारे सहा हजार अक्षरांचे तुकडे आहेत. ते जागा बदलतात याचा पुरावा १९७९ मध्ये मिळाला. पण कसे? डीएनएमधून थेट डीएनएमध्ये, की आरएनएच्या वाटेने? दुसरी वाट म्हणजे उलटी गंगा. आरएनएवरून डीएनए लिहायचा. हे करणारे विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते, पण विषाणूंमध्ये. साध्या यीस्टच्या घरातही तोच व्यवहार चालतो काय, हा खरा प्रश्न होता.

एमआयटीतील जेराल्ड फिंक, जेफ बोके आणि सहकाऱ्यांनी या तुकड्यात मुद्दाम एक इन्ट्रॉन घातला. इन्ट्रॉन म्हणजे पेशी फक्त आरएनएमधून छाटते तो मजकूर. डीएनएमधला तसाच राहतो. तुकड्याच्या तोंडाशी गॅलॅक्टोज साखर मिळताच चालू होणारी कळ बसवली. साखर दिली, उड्या वाढल्या. नव्या जागी उतरलेल्या प्रती तपासल्या, तर इन्ट्रॉन नेमका छाटलेला! म्हणजे प्रवास आरएनएतूनच झाला होता. गळालेल्या ओळीवरून पोथीची नक्कल कोणत्या प्रतीची, हे जाणकार ओळखतो, तसेच हे.

पुढे विकरांची कामे उलगडत गेली. तुकड्याची प्रथिने सलग साखळीत बनतात. प्रोटिएज ती तोडून सुटी करते. मग विषाणूसारख्या कवचात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज पेशीचाच एक टीआरएनए आरंभाला घेऊन डीएनए लिहिते; त्याच विकराचा दुसरा भाग मूळ आरएनए नष्ट करतो. शेवटी इंटिग्रेज ही प्रत गुणसूत्रात सांधते, बहुधा टीआरएनए जनुकांच्या अलीकडच्या पट्ट्यात. तिथे यजमानाचे कामाचे जनुक मोडण्याचा धोका कमी असतो. या पाहुण्याला पेशीबाहेर पडून दुसरे घर गाठता येत नाही. यजमान बुडाला तर तोही बुडतो.

माणसाच्या जनुकसंचातही सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोविषाणूंच्या अवशेषांचा आहे. घरचे कोण आणि उपरे कोण, ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. यीस्टमधल्या एका गाळलेल्या मजकुराने ती पुसट केली, हे मला त्या प्रयोगाचे मोठे देणे वाटते.