कर्णनाद आणि खानदेशातील माजी सैनिक : एक ऐतिहासिक टिपण

सुश्रुतसंहितेने कर्णनाद व बाधिर्य हे दोन स्वतंत्र कर्णरोग गणले आहेत. खानदेशाच्या लष्करी इतिहासाचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते. तेव्हापासून येथील तरुण बंदुकीच्या आवाजात वावरत आले. त्यांच्या कानांचे काय झाले, हे विचारणारे शास्त्रच त्या काळी नव्हते. श्रवणशास्त्राला खरा आकार आला तो दुसऱ्या महायुद्धातून श्रवणदोष घेऊन परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून. भारतात म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था १९६५ ची, तर माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना थेट २००३ ची.

तथापि श्रवणालेख दाखवितो तो बहिरेपणा. कर्णनादाचा स्वर व तीव्रता जुळवून पाहता येते, पण तीही रुग्णाच्याच सांगण्यावरून. शिवाय श्रवणालेख निर्दोष असूनही कान वाजू शकतात. म्हणूनच जळगाव-धुळ्यातील एखाद्या निवृत्त तोफचीने कोणत्या तोफेवर किती वर्षे काढली, झोप केव्हापासून उडाली, हे श्रवणतज्ज्ञाने त्याच्याच शब्दांत नोंदविणे अगत्याचे आहे. इतिहासाभ्यासकासही याहून विश्वसनीय साधन क्वचितच मिळेल. हा नाद समूळ घालविणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. समुपदेशन, श्रवणयंत्र आणि रात्रीच्या शांततेत मंद ध्वनीची सोबत यांनी तो पुष्कळांना सुसह्य होतो.