तारण कोणाच्या नावावर?

मंडळी, आमच्या बारामती-इंदापूर भागात पापड, शेवया, मसाले करणाऱ्या सुगरणींची वाण कधीच नव्हती. पण धंदा वाढवायचा म्हटलं की बँक तारण मागे, आणि सातबारा असे नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर.

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला घेतले. तारणाच्या जागी एकमेकींचा शब्द चालू लागला. फलटणपलीकडच्या म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तर सभासदांना लिहिता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आमचं तोंडी व्याज तपासून पाहा! १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

गटाच्या कर्जावर धंदा सुरू होतो, मोठा करायला मात्र जमीनजुमला लागतो. बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना, १९९४ साली, राज्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या होत्या. ती अट २००५ च्या केंद्रीय कायद्याने गेली.

तरीही वाटणीच्या वेळी कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून माहेर राखतात. घरातल्या भावांनो, ती सही मागण्याआधी एवढा विचार करा, की तिच्या धंद्याचं तारण त्याच कागदात आहे.