जंगलाचा ठेका, आणि कागदावर सही कोणाची?

मालेगावातून बोलतोय, त्यामुळे मागे यंत्रमागाची खडखड ऐकू आली तर तेवढी चालवून घ्या.

आजचा विषय आहे जंगल आणि खासगी भांडवल. गावाने जंगल राखायचं, कंपनीने किंवा व्यापाऱ्याने पैसा आणि बाजार आणायचा, याला हल्ली भागीदारी म्हणतात. शब्द नवा आहे, व्यवहार मात्र जुनाच. आपल्याकडे तो कळायला फारसा अवघड नाही. माग आपला, घाम आपला. पण सूत व्यापाऱ्याचं असेल तर कापडाचा भाव आपण ठरवत नाही, आपल्याला मजुरी मिळते. जंगलातही शंभर-दीडशे वर्षं हेच चाललं.

मालेगावातून सटाणा, ताहाराबाद करत साल्हेरच्या पायथ्याशी पोचलात की पलीकडे डांग. इथलं सागवान जहाजबांधणीसाठी नावाजलेलं. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून हे जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. राजांना वर्षाची ठरावीक रक्कम, सागवान सरकारचं. आहव्याला आजही डांग दरबार भरतो आणि त्या राजांच्या वंशजांना मानधन दिलं जातं. आता तो सोहळा झालाय, फोटो निघतात. पण मुळात ती झाडांची किंमत होती, आणि ती कोणी ठरवली हे वेगळं सांगायला नको.

पुढे जंगल खात्याच्या हाती गेलं. खातं कूप पाडायचं, लिलाव व्हायचा, ठेकेदार यायचा आणि आदिवासी तोडीला लागायचा. १९४५-४६ मध्ये ठाणे जिल्ह्यात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा सावकार-जमीनदारांच्या वेठीबरोबर गवतकापणी आणि झाडतोडीची मजुरी हाही मुद्दा होता. त्याआधीच सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला अहवाल दिला होता आणि ठेकेदाराच्या पिळवणुकीवर बोट ठेवलं होतं. बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी सोसायट्या उभ्या करायला घेतल्या. ठेकेदार बाजूला, कूप सोसायटीला.

या सोसायट्यांबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तो अन्याय वाटतो. ठाणे, नाशिक, धुळे या पट्ट्यात ठेकेदाराशिवाय तोड होऊ शकते हे त्यांनी दाखवलं. पण जंगल त्यांचं नव्हतं. कुठला कूप तोडायचा, किती तोडायचा, हे खातंच ठरवायचं. त्यामुळे १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतरच्या काळात तोड आटत गेली, तशा सोसायट्याही आटल्या. हाताला काम होतं, हक्क नव्हता.

आता तिथून थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत जाऊ. कारण पुढचं पान तिथे लिहिलं गेलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. त्या भागातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला भाडेपट्ट्याने जायचा. गावाने त्याला विरोध केला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथे ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. वेळ लागतो, पण ठरलेलं मोडत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. संपलं? छे! १९२७ च्या वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू झाडांत मोडायचा, आणि खातं त्यावर अडून बसलं. बांबू तोडाल हो, पण वाहतूक परवान्याशिवाय ट्रक नाक्यावरून हलणार कसा? आणि परवाना द्यायचा खात्याने. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. अख्ख्या गोष्टीत मला हे पुस्तक सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्यापारी खासगीच राहिला, ट्रकही त्याचाच. पण आता परवान्यावर सही ग्रामसभेची होती. निविदा गावाची, पैसे गावाच्या खात्यात.

तेंदूचंही तसंच झालं. सिन्नरची विडी आपल्याला माहीत आहे. तिचं पान जिथून येतं त्या विदर्भात २०१३ पासून काही ग्रामसभा स्वतः लिलाव करायला लागल्या. इथे मात्र गुलाबी चित्र रंगवू नका. बाजार पडला की ग्रामसभेलाही झळ बसते. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८. पूर्वी ठेकेदाराने बघायची ती कटकट आता पानं तोडणाऱ्यांच्या गावापर्यंत पोचली. आणि चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, जंगलाचं नुकसान होतं. आम्ही बांबूवर भागवू. व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणता येणं हाही हक्कच की. ठेक्याच्या काळात हा पर्याय कोणापुढे होता?

आपल्या जिल्ह्यात गाडी अजून बरीचशी वैयक्तिक प्लॉटवरच अडकलीय. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून जो किसान लाँग मार्च निघाला, त्यात सुरगाण्याचे, कळवण-दिंडोरीचे आदिवासी किती होते आठवा. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही मोठी मागणी. ती रास्तच आहे. पण एकेकाच्या सातबाऱ्याने बांबूचा ट्रक भरत नाही, त्याला अख्ख्या गावाचा सामूहिक हक्क लागतो. १२ मार्चला मुंबईत मंत्री बोलणी करायला बसले. तोंडी आश्वासनावर उठायला आंदोलक तयार नव्हते. त्यांनी लेखी मागितलं, आणि ते घेऊनच परतले.